पुण्यात घरी ड्रॉसेरा वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रॉसेरा म्हणजे कासवर दिसतो तोच दवबिंदू का?

हो. पानांवरच्या दवासारख्या चिकट थेंबांनी किडे पकडणारी ही मांसाहारी वनस्पती. जगभरात ड्रॉसेराच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या तीन भारतात पूर्वीपासून माहीत आहेत: इंडिका, बर्मानी आणि पेल्टाटा. पेल्टाटाच्या आपल्याकडच्या झाडांना आता लुनाटा असं वेगळं नाव देतात. कासच्या पठारावर पावसाळ्यात सरळ उभा, बारीक पानांचा दिसतो तो इंडिका, आणि नाण्याएवढी लाल चकती जमिनीला चिकटलेली दिसते तो बर्मानी.

मग कासवरूनच एखादं रोप आणलं तर?

आणू नका. ते राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथून काहीही उपटणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हा व्यवहार तोट्याचाच. इंडिका आणि बर्मानी दोन्ही अल्पायुषी आहेत. फुलं येऊन बी पडलं की झाड मरतं. तुम्ही फुलावरचं झाड आणता, त्याची मुळं तुटतात आणि आठवड्याभरात ते काळं पडतं. बियांपासून वाढवलेला बर्मानी मात्र पुण्यात सहज होतो. कुंडीत वाढवलेल्या झाडांचं बी हौशी लोकांकडे भरपूर असतं.

उलटही लक्षात ठेवा. घरचं परदेशी बी घाटात किंवा कासला टाकायचं नाही. केपेन्सिस आणि स्पॅट्युलाटा मूळ प्रदेशाबाहेर काही ठिकाणी रानात पसरले आहेत.

पुण्याच्या हवेत कोणत्या जाती जमतात?

संग्रहाचं भवितव्य याच प्रश्नावर ठरतं. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ सगळेच ड्रॉसेरा खूश असतात, कारण रात्री १०–१२ अंश आणि दिवसा स्वच्छ ऊन. खरी परीक्षा एप्रिल-मे: पारा ३८–४० अंश आणि दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ‘सोपी जात’ आणि ‘अवघड जात’ ही परदेशी पुस्तकांतली विभागणी इथे कामाची नाही. ‘मे महिना काढते’ आणि ‘काढत नाही’ अशी विभागणी करा.

मे काढणाऱ्यांत पहिला केपेन्सिस. दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातला, लांब पट्टीसारख्या पानांचा. उन्हाळ्यात वरून जळाला तरी मुळातून पुन्हा फुटतो. स्पॅट्युलाटा आणि बर्मानीही निभावतात. दोन किंवा अधिक शाखांच्या पानांचा बायनाटा सावलीच्या जाळीखाली तरतो.

दुर्मीळ काही हवं असेल तर पेटिओलॅरिस गट बघा. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या जाती (पॅराडॉक्सा, ऑर्डेन्सिस, फाल्कोनेरी, लॅनाटा) थंड देशांतले लोक काचेच्या पेटीत हीटर लावून वाढवतात. त्यांना दिवसा ३०–३८ अंश लागतात. त्यांच्या मूळ प्रदेशातही कोरडा काळ आणि मग धो धो पावसाळा असंच चक्र आहे. म्हणजे ज्या महिन्यात बाकीचा संग्रह माना टाकतो, त्याच महिन्यात ऑर्डेन्सिसची चंदेरी लवदार पानं तरारून येतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र यांना रात्री घरात घ्या. १५ अंशांखाली फार दिवस राहिले तर वाढ थांबते आणि खोड कुजू शकतं. त्या काळात मिश्रण जेमतेम ओलं ठेवा, पूर्ण कोरडं नाही.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्याच पावसाळी जंगलातला अडेले थेट ऊन मागत नाही. खिडकीतला तेजस्वी उजेड आणि दमट हवा त्याला पुरते. मेमध्ये पेटीत किंवा झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवला तर टिकतो.

रोटंडिफोलिया, अँग्लिका यांचं काय?

सोडून द्या. थंड प्रदेशातल्या या जाती हिवाळ्यात तीन-चार महिने कळीसारख्या मिटून झोपतात आणि त्यासाठी त्यांना पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते. पुण्याची थंडी त्याला पुरत नाही, आणि फ्रिजमध्ये भाजीशेजारी झाड ठेवून वर्षानुवर्षं कोणी टिकवत नाही. अँग्लिका हवाच असेल तर हवाई बेटांवरचा प्रकार शोधा, तो झोपत नाही. इंटरमीडियाचेही उष्ण प्रदेशातले प्रकार मिळतात.

पाणी कोणतं घालायचं? आमच्याकडे आरओ आहे, चालेल ना?

आरओ आहे एवढं पुरेसं नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, मोजणारं यंत्र) घ्या आणि नळीतून येणारं पाणी मोजा. ड्रॉसेराला ५० पीपीएमच्या खालचं पाणी हवं. १०० पर्यंत चालून जातं, पण मग महिन्यातून एकदा वरून भरपूर स्वच्छ पाणी ओतून कुंडी धुवावी लागते. त्यापुढे क्षार साचत जातात आणि मुळं जळतात. ड्रॉसेराची मुळं क्षारविरहित, आम्लधर्मी, निकृष्ट जमिनीसाठीच बनली आहेत. अन्न तो किड्यांतून घेतो.

बहुतेक घरगुती आरओंना चव सुधारण्यासाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. ते कच्चं पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळतं, त्यामुळे नळीतून ८०–१५० पीपीएम येतं. सर्व्हिसवाल्याला सांगून मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणाऱ्या पडद्यानंतर), कार्ट्रिजच्या आधी एक वेगळी नळी काढून घ्या. आणि आरओचं वाया जाणारं पाणी मुळीच वापरू नका. काटकसर म्हणून ते बादलीत साठवून झाडांना घालायची सवय अनेक घरांत आहे. जास्वंदीला एक वेळ चालेल, पण सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

बाकीचे पर्याय:

पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात गच्चीवरची धूळ येते. नंतरचं २० लिटरच्या झाकणाच्या कॅनमध्ये भरून अंधारात ठेवा. सप्टेंबरपर्यंत पाच-सहा कॅन भरले तर लहान संग्रहाचा हिवाळा निघतो.

एसीचं पाणी बहुधा ३० पीपीएमच्या आत असतं. हंगामाच्या सुरुवातीला एसी साफ झाल्याशिवाय घेऊ नका, आणि कापडातून गाळून घ्या.

बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण लेबल नीट वाचा. त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं आम्लही मिळतं.

उकळलेलं पाणी चालत नाही. उकळल्याने पाण्याचा काही भाग उडतो आणि बरेचसे क्षार मागेच राहतात. नुसत्या यूव्ही फिल्टरने टीडीएस कमी होत नाही. बाटलीबंद पाण्यात क्षार मुद्दाम घातलेले असतात. महापालिकेचं धरणाचं पाणी तुलनेने मऊ आहे, पण वाघोली, उंड्री, बावधनसारख्या भागांत उन्हाळ्यात टँकर येतात आणि टँकरमध्ये बहुधा बोअरचं पाणी असतं. म्हणून जानेवारीत मोजलेल्या आकड्यावर मेमध्ये विसंबू नका.

मिश्रण कशाचं करायचं? लाल माती, शेणखत?

दोन्ही नाही. गांडूळखत, पालापाचोळ्याचं खत, नर्सरीत मिळणारं ‘रेडी पॉटिंग मिक्स’, यांतलं काहीही नाही. खत घातलेल्या कुंडीत ड्रॉसेरा दोन-तीन आठवड्यांत मरतो, आणि मरताना आधी टोकं काळी होतात.

नेहमीच्या जातींसाठी: दोन भाग पीट मॉस (दलदलीतल्या जुन्या शेवाळाचा भुगा), एक भाग परलाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे). पेटिओलॅरिस गट आणि पिग्मी (अगदी बुटक्या) जातींसाठी: पीट आणि सिलिका वाळू सम प्रमाणात. अडेलेसाठी नुसतं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस.

पीट घेताना पिशवीवरचा सामू (पीएच) बघा. ३.५ ते ४.५ लिहिलं असेल तर ते साधं पीट. ५.५ ते ६.५ असेल तर रोपवाटिकेसाठी चुना मिसळलेलं आहे, आणि बहुतेकदा त्यात सुरुवातीचं खतही असतं. ते परत करा.

वाळू म्हणजे बांधकामाची क्रश सँड नव्हे. नदीची वाळूही टाळा. पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू घ्या, तिच्यावर व्हिनेगर ओतून बघा. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे. परलाइट वापरण्याआधी ओलं करून घ्या आणि तोंडाला फडकं बांधा, त्याची धूळ फुप्फुसात जाते.

कोकोपीट स्वस्त आणि सगळीकडे मिळतं म्हणून मोह होतो. ते क्षारांनी भरलेलं असतं. वापरायचंच असेल तर आरओच्या पाण्यात २४ तास भिजवा, पिळा, पाणी फेका, आणि हे चार-पाच वेळा करा. पिळलेल्या पाण्याचं टीडीएस ५० च्या खाली आल्यावरच वापरा. एवढं आरओचं पाणी खर्ची घालण्यापेक्षा पीट स्वस्त पडतं, असं आमचं मत.

कुंडी?

प्लास्टिकची, चार इंची. पिग्मी जातींना मात्र १०–१२ सेंटिमीटर खोल, कारण त्यांची मुळं झाडाच्या मानाने फार लांब असतात. मातीची कुंडी नको. तिच्यातून पाणी उडतं आणि भिंतीवर पांढरे क्षार धरतात. श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन, तळाला पाच-सहा भोकं पाडून उत्तम चालतात. बोहरी आळीत प्लास्टिकचे उथळ ट्रे घाऊक भावात मिळतात, त्यांत कुंड्या ठेवा आणि ट्रेमध्ये एक ते दोन सेंटिमीटर पाणी राहू द्या. पाणी नेहमी ट्रेमधून, खालून.

किती ऊन लागतं? आमची गॅलरी पश्चिमेला आहे.

चार ते सहा तास थेट ऊन मिळालं तर पानं लाल होतात आणि दव भरपूर येतं. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. पश्चिमेची हिवाळ्यात चालते. मार्चपासून मात्र दुपारी दोननंतरचं ऊन आणि तापलेली भिंत मिळून झाड भाजतात. तिथे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा आणि कुंड्या भिंतीपासून लांब सरकवा.

गॅलरीत ऊनच येत नसेल तर २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब (६५०० केल्विन) झाडांच्या १५–२० सेंटिमीटर वर लावा आणि रोज १२–१४ तास चालू ठेवा. वेळेसाठी टायमर प्लग. पानं हिरवी, लांबुडकी आणि कोरडी दिसली तर उजेड कमी पडतो आहे.

एप्रिल-मेमध्ये नेमकं काय करायचं?

हवेच्या उष्णतेपेक्षा मुळांची उष्णता जास्त मारते. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात आतून हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. म्हणून सगळा ट्रे थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यात ठेवा, कुंडीच्या वरच्या कडेपर्यंत. ट्रेमधलं पाणी सकाळी आणि संध्याकाळी बघा. एका कोरड्या दुपारीही केपेन्सिसची पानं कुरकुरीत होतात. कूलर असेल त्या खोलीत झाडं चांगली राहतात, फक्त झोत थेट त्यांच्यावर नको, दव वाळतं.

एसीच्या खोलीत ठेवणं हा उपाय वाटतो, पण एसी हवा कोरडी करतो आणि तिथे उजेडही कमी असतो. पेटीत ठेवणार असाल तरच.

पावसात बाहेर ठेवले तर?

दव धुऊन जातं, ते दोन-तीन दिवसांत परत येतं. त्याची चिंता नको. अडचण दुसरीच आहे: आठवडाभर ढग, सतत ओलं, उजेड नाही, मग बुरशी. शिवाय जोराच्या सरीने पीट उडून पानांच्या मध्यात बसतं आणि लहान रोपं गाडली जातात. पारदर्शक पत्र्याखाली, हवा खेळती राहील अशा जागी ठेवा.

नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या कंदवाल्या जाती (मॅक्रान्था वगैरे) कोणी ठेवत असेल तर त्यांच्यासाठी आपला पावसाळा म्हणजे थेट धोका. त्यांच्याकडे हिवाळ्यात पाऊस पडतो आणि कोरड्या उन्हाळ्यात कंद जमिनीखाली झोपतो. जून ते सप्टेंबर त्या कुंड्यांना पाण्याचा थेंब लागता कामा नये. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

कुरिअरने आलेल्या झाडावर दव नाही. फसवलं का?

नाही. दव हा प्रवासात पहिला जाणारा भाग. रोप आल्याबरोबर ओल्या मॉससकट लावा, वर पारदर्शक पिशवी उलटी घाला, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. पहिले चार दिवस बंद, मग रोज थोडी जास्त उघडी, दहाव्या दिवशी काढून टाका. जुनी पानं बहुतेकदा जातातच. नव्या पानावर दव आलं की झाड रुजलं. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवू नका, गोदामात झाडं शिजतात.

जुन्याच झाडावरचं दव नाहीसं झालं तर या क्रमाने तपासा: पाण्याचं टीडीएस, उजेड, दुपारची कोरडी हवा, जागा बदलली का, आणि शेवटी मावा.

खाऊ काय घालायचा?

बाहेर ठेवलेलं झाड स्वतःचं स्वतः भागवतं. घरातल्याला दोन-तीन आठवड्यांतून एकदा माशांचं कोरडं खाद्य बारीक पूड करून, पाण्याने किंचित ओलसर करून, टूथपिकच्या टोकाने दोन-तीन पानांवर ठेवा. मोहरीच्या निम्म्याइतका कण. मोठा तुकडा ठेवला तर तो पचायच्या आत बुरशी धरतो आणि पान सडतं. बर्मानीच्या कडेच्या सोंडा काही सेकंदांत वळतात, केपेन्सिसचं पान गुंडाळायला अर्धा तास ते काही तास घेतं. दूध, मटणाचा तुकडा, भात, पोळी: कृपया नको. मुंग्या येतात.

बी कसं पेरायचं?

बी धुळीएवढं बारीक असतं. ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरवा, वर माती घालू नका, त्याला उजेड लागतो. कुंडी झिप पिशवीत घालून उजेडात ठेवा. केपेन्सिस, स्पॅट्युलाटा, बर्मानी दोन ते चार आठवड्यांत उगवतात. पुण्यात पेरणीला ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम. रोपं पाच-सहा मिलिमीटरची झाल्यावर पिशवी हळूहळू उघडा. उरलेलं बी कागदी पुडीत, हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये.

केपेन्सिस स्वतःच्याच परागावर बी धरतो आणि शेंगा तडकल्या की शेजारच्या प्रत्येक कुंडीत उगवतो. महागड्या पिग्मींच्या शेजारी तो ठेवत असाल तर तुरा वेळीच कापा. बर्मानीचा मात्र कापू नका, तेच पुढच्या वर्षीचं झाड आहे.

पानापासून रोप होतं का?

स्पॅट्युलाटा, अडेले, केपेन्सिस, बायनाटा यांचं होतं. निरोगी पान देठासकट ओढून काढा, झाकणाच्या कपात आरओच्या पाण्यावर तरंगत ठेवा, उजेडात. तीन ते सहा आठवड्यांत पानावर बारीक रोपं दिसतात, ती सेंटिमीटरभर झाली की लावा. पाणी हिरवं झालं तर बदला. अडेले आणि बायनाटाच्या मुळांचे दोन सेंटिमीटरचे तुकडे मिश्रणावर आडवे ठेवून वर पातळ थर दिला तरी फुटतात. बर्मानी आणि इंडिका मात्र बियांपासूनच करा.

पिग्मी जातींची गोष्ट निराळी. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की त्या मध्यभागी गेमी नावाच्या बारीक खवल्यासारख्या कळ्या धरतात, आणि प्रत्येक कळी म्हणजे एक रोप. पुण्यात सर्वांत लहान दिवसही साधारण ११ तासांचा असतो, त्यामुळे गेमी कधी येतात, कधी नाही. दिव्याखाली वाढवत असाल तर नोव्हेंबरपासून टायमर नऊ तासांवर आणा. सुरुवात पुल्केला किंवा स्कॉर्पिऑइडिसने करा.

रेजिया पुण्यात होईल का?

दक्षिण आफ्रिकेत बेन्सक्लूफ खोऱ्यातच सापडणारा हा ड्रॉसेरा, पान ७० सेंटिमीटरपर्यंत. प्रत्येक संग्राहकाला तो हवाच असतो. जाड मुळांना गारवा लागतो, मिश्रण फार तापलं की ती सडू लागतात. खोल कुंडी, परलाइट जास्त, थर्माकोलचं खोकं आणि मेमध्ये रोज दुपारी ट्रेमध्ये बर्फाची बाटली, एवढं करूनही भरवसा नाही. हिवाळ्यात मुळाचे तुकडे लावून दोन-तीन रोपं वेगवेगळ्या जागी ठेवा.

ब्राझीलचा मॅग्निफिका तर फेसबुकवरच्या एका फोटोमुळे ओळखला गेला आणि २०१५ मध्ये त्याचं वर्णन झालं. तो एकाच डोंगरमाथ्यावर सापडतो. कोणी त्याचं ‘जंगली’ रोप विकत असेल तर त्या माणसाकडून काहीच घेऊ नका.

परदेशातून बी मागवलं तर?

ड्रॉसेरा साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत नाही, त्यामुळे अनेकांना वाटतं की पाकिटातून येऊ द्यावं. पण भारतात बी आणि रोपं आणायला वनस्पती संगरोध आदेश, २००३ लागू होतो: आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. आधी देशातल्या संग्राहकांकडे विचारा.

पानं वेडीवाकडी येताहेत.

मावा. मधल्या कोवळ्या पानांत भिंगाने बघा. अख्खी कुंडी आरओच्या पाण्यात २४ ते ४८ तास बुडवून ठेवा, आठवड्याने पुन्हा. तरीही राहिला, किंवा पिठ्या ढेकूण असेल, तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, लिटरला ०.३ मिली, संध्याकाळी, हातमोजे घालून आणि फुलं नसताना. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी फवारू नका, त्याने दवाच्या ग्रंथी मरतात. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून रोप संपवतात. कबुतरं मॉस उपसून नेतात, त्यावर जाळीच.

यामुळे घरातले डास कमी होतील?

नाही. चिलटं आणि मातीतल्या बारीक माश्या अडकतात, डास क्वचित. उलट ट्रेमधल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला गरम दिवसांत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर पाचव्या दिवशी ट्रे पूर्ण ओतून, घासून पुन्हा भरा. महापालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा ‘हे मांसाहारी झाडाचं पाणी आहे’ हे उत्तर नोटिशीतून वाचवत नाही.

लेबलवर काय लिहायचं?

जात, मूळ ठिकाण माहीत असेल तर ते, कोणाकडून, बी की कटिंग, महिना-वर्ष. पेन्सिलीने, प्लास्टिकच्या पट्टीवर. मार्कर पुण्याच्या उन्हात वर्षभरात पुसट होतो. नाव हरवलेलं रोप देवघेवीत कोणी घेत नाही, आणि स्पॅट्युलाटासारख्या दिसणाऱ्या जाती एकदा मिसळल्या की फुलाशिवाय सुटत नाहीत.

गणपतीला आठ दिवस गावी जातोय.

कुंड्या गॅलरीतून आत, पूर्वेच्या खिडकीत घ्या. ट्रे नीट घासून तीन-चार सेंटिमीटर पाणी भरा आणि ट्रेवर कुंड्यांभोवती मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. सप्टेंबरच्या हवेत एवढं पाणी आठ दिवस पुरतं. मेच्या सुट्टीत मात्र शेजाऱ्यांना किल्ली द्या, आणि पाण्याचा कॅन वेगळा काढून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त हेच’ असं लिहून ठेवा.